आप्तविवाह आणि बालकांचा बौद्धिक विकास : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

आप्तविवाहाचा अपत्यांच्या बुद्धीवर होणारा परिणाम या विषयाची चर्चा बहुधा सरसकट भीती किंवा परंपरेचे सरसकट समर्थन या दोन टोकांवर होते. विल्यम शल व जेम्स नील यांचा हिरोशिमा-नागासाकी येथील बालकांच्या पाहणीवर आधारित ग्रंथ (१९६५) दोन्ही टोकांची चिकित्सा करण्यास आजही उपयुक्त आहे.

सख्ख्या चुलत, मावस वा आते-मामे भावंडांच्या अपत्यात एकाच पूर्वजाचे जनुक आई व वडील दोघांकडूनही येण्याची संभाव्यता १/१६, तर मामा-भाचीच्या अपत्यात १/८ असते. शल व नील यांना आप्तविवाहातील मुलांचे बुद्धिमापन-गुण सरासरीने किंचित कमी आढळले. मात्र त्या कुटुंबांचा सामाजिक-आर्थिक स्तरही खालचा होता. तो विचारात घेता फरक घटला, पण नाहीसा झाला नाही. पालकांचे शिक्षण व उत्पन्न न मोजता केवळ गुणांची तुलना करणारी अध्ययने म्हणूनच अपुरी ठरतात. त्यांत दारिद्र्याचा परिणाम रक्ताच्या नात्याच्या नावावर जमा होतो.

सरासरीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. आप्तविवाहातील बहुसंख्य मुले निरोगी असतात. काही कुटुंबांत मात्र धोका गंभीर असतो. फिनाइलकीटोन्यूरिया या विकाराचे आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाधित अपत्याची शक्यता २५ टक्के असते. उपचाराअभावी तीव्र बौद्धिक अक्षमता येते. नवजात अवस्थेतच रक्ततपासणी व आहारनियंत्रण झाल्यास ती बहुतांशी टळते.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत चुलत बहीण विवाहास वर्ज्य, तर मामाची मुलगी विवाहयोग्य मानली जाते. या नातेव्यवस्थेचे विवेचन इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केले आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हाही रूढी असल्यास अशा विवाहास मान्यता देतो. मामाचे कूळ वेगळे, म्हणून नाते दूरचे, असा समज रूढ आहे. आनुवंशिकतेच्या गणितात मात्र दोन्ही बहिणी सारख्याच जवळच्या.

या अज्ञानाची किंमत बहुधा स्त्री मोजते. मूल मंदगती निघाले की दोष आईच्या माथी येतो. वस्तुतः अप्रभावी विकारात सदोष जनुक दोघांकडूनही आलेले असते. विवाहापूर्वी कुटुंबाचा आरोग्य-इतिहास तपासणे, आनुवंशिक समुपदेशन आणि नवजात तपासणी हे उपाय निंदा व समर्थन या दोहोंपेक्षा अधिक हितकारक ठरतात.