बलुत्याचे गाठोडे : ‘गावगाडा’ आणि ‘बलुतं’

एकत्र बांधलेल्या सेवा सुट्या करून प्रत्येकीला स्वतंत्र दर लावणे, ही आज वाणिज्यशास्त्राची परिभाषा मानली जाते. मराठी साहित्यात मात्र हा प्रश्न बलुत्याच्या निमित्ताने फार पूर्वीच येऊन गेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) बहुधा ग्रामव्यवस्थेचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. वस्तुतः ती दरपत्रक नसलेल्या व्यवहाराची चिकित्सा आहे. सुताराने वर्षभरात किती औते दुरुस्त केली, हे खळ्यावर कोणी मोजत नाही. त्याचा वाटा ठरतो तो थोरल्या, मधल्या किंवा धाकट्या ओळीतील स्थानावरून. कामाला दर नाही म्हणून कामाचा जाबही नाही, या अंगाने आत्र्यांची चिकित्सा मर्मग्राही आहे. परंतु त्यांचा हिशेब प्रामुख्याने कुणब्याच्या खळ्यावरून मांडलेला असल्याने देणाऱ्याचा भार जितका दिसतो, तितका घेणाऱ्याचा दिसत नाही.

कोल्हारहून प्रवरेच्या काठाने वर गेले की संगमनेरपलीकडे अकोले तालुका लागतो. दया पवार यांचे धामणगाव तेथलेच. त्यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात महाराच्या वाट्याची कामे येतात : सरकारी सारा तालुक्याला पोहोचविणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची खबर गावोगाव नेणे, मेलेले जनावर ओढणे, लाकडे फोडणे. या कामांना ना वेळेची मर्यादा, ना संख्येची. एक काम नाकारावे, तर सगळेच बलुते पणाला लागते. दर नसण्याची खरी किंमत येथे कळते, आणि ती ‘गावगाड्या’च्या जमाखर्चात जवळजवळ नाही. (दोन्ही ग्रंथ एकाच अभ्यासक्रमात क्वचितच शेजारी ठेवले जातात, हेही नोंदवावे लागेल.)

या दोहोंमधला दुवा विधिमंडळात सापडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मांडलेल्या वतन कायदा दुरुस्ती विधेयकात बलुत्याचे रोख करात रूपांतर करण्याची आणि वतनदाराची कर्तव्ये निश्चित करण्याची तरतूद होती. त्यांतील दुसरी अधिक मूलगामी, कारण कामांची यादी ठरल्याशिवाय यादीबाहेरचे काम नाकारता येत नाही. ते विधेयक पुढे मागे घेण्यात आले. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला.

तथापि ‘बलुतं’ रोखीच्या व्यवहाराचे गुणगान करीत नाही. मुंबईच्या कावाखान्यात चिंध्या आणि भंगार गोळा करणाऱ्या बायांना मालाचे पैसे रोख मिळतात. त्यांची वस्ती मात्र जातीचीच राहते.