चौकटीबाहेरचे दहा जण

झिदानला मी लाइव्ह खेळताना कधी पाहिलं नाही. २००६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा मी दुसरीत होतो. माझा झिदान सगळा फोनमधला. १९९८च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्राझीलविरुद्धचे दोन हेडर, २००२ मध्ये ग्लासगोला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये डाव्या पायानं मारलेली ती व्हॉली, आणि शेवटी बर्लिनमध्ये मातेराझ्झीच्या छातीवर दिलेली धडक. प्रत्येक क्लिप अर्ध्या मिनिटाची. कान, बोर्दो, युव्हेंटस, रेआल माद्रिद अशी सतरा वर्षांची कारकीर्द चहा संपेपर्यंत बघून होते.

त्यामुळे ‘झिदान: अ ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी पोर्ट्रेट’ पहिल्यांदा लावली तेव्हा वीस मिनिटांत कंटाळलो. डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो या दोन कलावंतांची ही २००६ची फिल्म. २३ एप्रिल २००५ला माद्रिदच्या बेर्नाबेऊ स्टेडियमवर रेआल माद्रिद आणि व्हियारेआल यांची लीगमधली मॅच होती. दोघांनी तिथे सतरा कॅमेरे लावले आणि सगळे एकाच माणसावर रोखले. मॅच सुरू झाल्यापासून तो बाहेर जाईपर्यंत, फक्त झिदान. सोबत मोगवाय या स्कॉटिश बँडचं संथ संगीत.

आणि झिदान करतो काय? चालतो. बुटाचं टोक गवतावर घासतो. घाम पुसतो. थांबतो, मान वळवून बघतो, परत चालतो. चेंडू पायाशी येतो आणि दोन-तीन सेकंदांत निघूनही जातो.

दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा मला मामा आठवले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर ते मला लहानपणी मॅचला न्यायचे. मी चेंडूमागे मान फिरवत बसलो की म्हणायचे, “बॉलकडं काय बघत बसलायस? ज्याच्याकडं बॉल नाही त्याच्याकडं बघ की!” गॅलरीत बसणाऱ्याला ती सोय असते, कुठं बघायचं ते आपण ठरवतो. टीव्हीनं ती काढून घेतली आणि रील्सनी तर पुरती संपवली. ही फिल्म ती परत देते. मिडफिल्डरचं बरंचसं काम चेंडू येण्याआधी, डोळ्यांनी होतं, हे मला एवढं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याही फिल्मनं दाखवलं नाही.

पण माझी तक्रारही इथूनच सुरू होते. झिदान बघतो आहे हे दिसतं. तो कुणाकडे बघतो आहे, ते बहुतेक वेळा दिसत नाही. मिडफिल्डरचा पास म्हणजे अर्धं वाक्य. ते पुरं करणारा दुसराच कुणीतरी, रिकाम्या जागेत धावलेला असतो. या मॅचमध्ये झिदान डावीकडून दोघा-तिघांना चकवत आत शिरतो, क्रॉस देतो आणि ब्राझीलचा रोनाल्डो गोल करतो. तरी आपण झिदानच्या चेहऱ्यालाच चिकटून राहतो. रोनाल्डो तिथे कसा पोचला? फिल्मला त्याच्याशी देणंघेणं नाही. माणसांच्या मधोमध उभा राहून काम करणाऱ्या खेळाडूला तिनं एकांतातला संन्यासी करून टाकलं आहे.

गंमत म्हणजे फिल्मच या कल्पनेला एकदा तडा देते. मॅच संपत आलेली असताना रोबेर्तो कार्लोस जवळ येऊन काहीतरी बोलतो आणि झिदान चक्क हसतो. तोवरचा तो दगडी चेहरा क्षणात शेजारच्या दादाचा होतो. मग थोड्याच वेळात मैदानावर भांडण पेटतं, झिदान त्यात घुसतो, रेड कार्ड मिळतं आणि तो निघून जातो. तो गेला, फिल्म संपली. मॅचचं काय झालं? माद्रिद २-१नं जिंकलं, पण ते फिल्मच्या खिजगणतीतही नाही.

मे २००६ मध्ये ही फिल्म कान महोत्सवात दाखवली गेली आणि ९ जुलैला बर्लिनच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये, ११०व्या मिनिटाला, ती धडक झाली. नंतर आदेल अब्देसमेदनं तिचा पाच मीटर उंच ब्राँझचा पुतळा केला. तो पॅरिसच्या पाँपिदू सेंटरसमोर उभा होता. आणि मी? मी कॉलेजच्या अंकात कविता लिहिली. झिदान शोकनायक, एकटा, शापित वगैरे. मातेराझ्झीनं त्याच्या बहिणीबद्दल घाण शब्द काढले, हे मातेराझ्झीनं स्वतः कबूल केलंय. झिदानची चीड मला आजही समजते. पण कवितेत उरलेले दहा जण कुठेच नव्हते. माझी चौकटही फिल्मसारखीच होती.

त्या दहांतला एक डेव्हिड त्रेझेगे. २००० साली युरो कपच्या फायनलमध्ये याच इटलीविरुद्ध गोल्डन गोल मारून त्यानं फ्रान्सला जिंकून दिलं होतं. बर्लिनमध्ये सातव्या मिनिटाला झिदाननं बुफाँला चकवत पेनल्टी अलगद उचलली. चेंडू क्रॉसबारला खालून लागला आणि रेषेच्या आत पडला. एक्स्ट्रा टाइमनंतरही १-१. पेनल्टी शूटआउटमध्ये झिदान नव्हता. त्रेझेगे आला, त्याचाही चेंडू क्रॉसबारला खालून लागला, पण रेषेच्या बाहेर पडला. दोन्ही संघांत मिळून तेवढी एकच पेनल्टी हुकली. इटली ५-३नं जिंकली.

फिल्म जरूर बघा, आणि फोन आडवा धरून, सलग बघा. मीही परत बघेन. पण त्या जुन्या कवितेच्या जागी आज लिहायला बसलो तर मी त्रेझेगेवर लिहीन. अर्ध्या मैदानातून पेनल्टी स्पॉटपर्यंत तो एकटा चालत गेला, तेव्हा त्याच्यावर सतरा कॅमेरे कुणी लावले नव्हते.