आतड्याचा तुकडा, मूत्राशयाची पिशवी

मूत्राशय मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेत खरी रंगत आहे ती आतड्याच्या कापणीत.

स्पायना बायफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष घेऊन आलेल्या मुलात मज्जारज्जूचे निरोप मूत्राशयापर्यंत धड पोचत नाहीत. पिशवी आखडते, घट्ट होते. आतला दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर राहू लागला की मूत्रपिंडांवर संकट येते. औषधे आणि लघवी काढायची नळी पुरेनाशी झाली, की सर्जन लहान आतड्याचा वीसेक सेंटिमीटरचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट वेगळा करतो. मोठ्या आतड्यालगतचा शेवटचा भाग मात्र राखून ठेवतो, कारण बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषले जाते.

हा तुकडा नळीच्याच आकारात जोडला, तर जुन्या सवयीने आवळत राहील. म्हणून तो रक्तवाहिन्यांच्या विरुद्ध कडेने उभा चिरतात, दुमडतात, कडा शिवतात आणि उघडलेल्या मूत्राशयावर बसवतात. एकदा दुमडल्याने परीघ दुप्पट होतो, लांबी निम्मी. हिशेब मांडला तर तेवढ्याच कापडात दुप्पट मावते. शिवाय गोल तंतू कापले गेल्याने आवळण्याचा जोर एकवटत नाही. दाब आपोआप उतरतो. १९५९ मध्ये सर्जन गुडविन यांनी मांडलेली ही घडी आजही टिकून आहे.

पॉल मित्रोफानॉफ यांची १९८० मधली भर तितकीच देखणी. अपेंडिक्सचे एक टोक मूत्राशयाच्या भिंतीत तिरके पुरायचे, दुसरे बेंबीशी आणायचे. पिशवी जसजशी भरते, तसतशी ती वाट दाबून बंद होते. चाकाच्या खुर्चीतले मूल कपडे न उतरवता तिथून नळी घालते.

उणिवाही याच कौशल्याच्या पोटात आहेत. आतडे आपला स्वभाव सोडत नाही. बुळबुळीत स्राव सोडतच राहते. पिशवी नियमित धुतली नाही तर खडे होतात. रक्तातली आम्लता वाढू शकते. क्वचित पिशवी फुटते, आणि संवेदना कमी असलेल्या मुलाला ते चटकन कळतही नाही.

सर्जन मज्जातंतू दुरुस्त करत नाही. तो फक्त साठवण देतो. रिकामे करण्याचे काम मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये रूढ केलेल्या स्वच्छ नळीवर, म्हणजे मुलाच्या नाहीतर आईच्या हातावर, सोपवतो. म्हणूनच जाणकार सर्जन आधी विचारतो, ‘दिवसातून चार-पाच वेळा, आयुष्यभर, नळी कोण घालणार?’ पक्के उत्तर मिळाल्याशिवाय तो सुरी उचलत नाही. त्याच्या कौशल्यात मी या सबुरीलाही धरतो.