अन्न, अग्नि आणि श्रोडिंगर

एर्विन श्रोडिंगर यांच्या 'व्हॉट इज लाइफ?' या पुस्तकाची ख्याति इतकी मोठी आहे, कीं त्याविषयीं कांहीं उणें बोलणें हा औचित्यभंग वाटावा. फेब्रुवारी १९४३ मध्यें डब्लिन येथें दिलेलीं हीं व्याख्यानें १९४४ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. आनुवंशिक द्रव्य हा एक अनावर्ती स्फटिक असावा, ही त्यांतील कल्पना वॉटसन आणि क्रिक यांसारख्यांना या विषयाकडे ओढण्यास कारण झाली, हें सर्वश्रुत आहे. त्या भागाची चर्चा पुष्कळांनीं केली आहे. ती येथें पुन्हा करण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्याकडील सुशिक्षित वाचक तर बहुधा उपसंहारच आधीं उघडतो, कारण त्यांत उपनिषदांचा गौरवानें उल्लेख आहे. आणि तो वाचून समाधान पावला, म्हणजे मधलीं प्रकरणें न वाचतांच पुस्तक कपाटांत ठेवतो. आम्हांस बोलावयाचें आहे तें सहाव्या प्रकरणाविषयीं. मनुष्य जेवतो कशासाठीं, हा प्रश्न त्यांत विचारलेला आहे. आणि आपल्या देहाचा व्यवहार समजून घेऊं इच्छिणाऱ्या सामान्य वाचकाला याहून जवळचा प्रश्न दुसरा नाहीं.

या प्रश्नाचें जुनें उत्तर अग्नि हें होय. आमच्याकडे जठराग्नीची कल्पना रूढ होती, आणि भोजनाला यज्ञ समजणाऱ्या समाजाला ती शोभूनही दिसे. युरोपांत लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीं १७८२-८३ च्या हिवाळ्यांत बर्फानें वेढलेल्या पात्रांत गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो तें मोजलें, आणि श्वसन हें मंद ज्वलनच आहे असा निर्णय दिला. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं रुब्नर यांनीं कुत्र्यावर आणि ॲटवॉटर यांनीं माणसावर प्रयोग करून सगळा जमाखर्च जुळवून दाखविला. मलमूत्रांतून जाणारा भाग वजा केला, कीं अन्न जाळून जितकी ऊर्जा निघेल तितकीच देहांतून उष्णता व काम या रूपांनीं बाहेर पडते. पिष्ट पदार्थ व प्रथिनें यांचे दर ग्रॅमला ४ किलोकॅलरी आणि स्निग्धाचे ९, हे ॲटवॉटर यांचे ठोकळ आंकडे आज बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या हिशेबाच्या मुळाशीं आहेत. हिशेब खरा आहे. त्यावरून देह म्हणजे एंजिन आणि अन्न म्हणजे कोळसा हें जें अनुमान लोक काढतात, तें मात्र खोटें आहे.

तें खोटें कसें, हें एका आंकड्यानें दाखवितां येतें. वाफेचें एंजिन उष्णतेपासून काम काढतें, आणि असें काम निघण्यास दोन ठिकाणच्या तापमानांत अंतर असावें लागतें. देहाचें तापमान ३७ अंश आणि बाहेरील हवेचें २५ अंश धरलें, तर त्या दोहोंमध्यें चालणाऱ्या सर्वोत्तम यंत्रालाही शेंकडा ४ हून कमी उष्णतेचें काम करतां येईल. निसर्गनियमच तसा आहे. उलट सायकल चालविणारा मनुष्य खर्चिलेल्या ऊर्जेपैकीं शेंकडा २० ते २५ चें काम करून दाखवितो. नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ वर गेला, म्हणजे तर बाहेरची हवाच देहाहून ऊन होते. देह हें उष्णतेचें एंजिन असतें, तर त्या दिवशीं कोणाला हातही हलवितां आला नसता. परंतु हमाल पोतीं वाहतच असतो. म्हणजे देहांत आधीं उष्णता उत्पन्न होऊन मग तिचें काम होतें असें नाहीं. रासायनिक क्रियेपासून काम थेट होतें, आणि उष्णता ही उरलेली बाकी आहे.

श्रोडिंगर यांनीं या समजुतीवर निराळ्या बाजूनें हल्ला केला. देहांतील या व्यवहाराला युरोपीय भाषांत जे शब्द आहेत, त्यांचा धात्वर्थ अदलाबदल असा आहे. मग ते विचारतात, अदलाबदल कशाची? द्रव्याची म्हणावी, तर नायट्रोजनचा एक अणु दुसऱ्यासारखाच. बदलून लाभ काय? ऊर्जेची म्हणावी, तर प्रौढ माणसाच्या देहांतील ऊर्जेचा सांठा कायमच असतो, आणि एका कॅलरीची किंमत दुसरीहून अधिक नाहीं. उपाहारगृहांतील पदार्थांच्या यादीवर ऊर्जेचे आंकडे छापणाऱ्या सुधारलेल्या देशांची त्यांनीं जी थट्टा केली आहे, ती वाचून आम्हांस प्रथम फार मौज वाटली होती. त्यांचें स्वतःचें उत्तर असें, कीं सर्व वस्तु अव्यवस्थेकडे, म्हणजे एंट्रॉपीच्या वाढीकडे, ओढल्या जातात. सजीव ती ओढ चुकविण्यासाठीं भोंवतालांतून सुव्यवस्था शोषून घेतो, आणि ही सुव्यवस्थाच त्याचें खरें अन्न. वनस्पतींना ती सूर्यप्रकाशापासून मिळते.

या विवेचनाला तेज आहे, आणि दिशाही बरोबर आहे. तरी पण तें वाचून वाचकाच्या हातीं काय राहतें? एक भारदस्त शब्द. सुव्यवस्था खाल्ली, म्हणजे नेमकें काय खाल्लें व तिचें पुढें काय झालें, याचा थांग लागत नाहीं. ही उणीव तज्ज्ञांना तेव्हांच जाणवली. सायमन या पदार्थविज्ञानज्ञानें हरकत घेतली, कीं केवळ एवढ्या युक्तिवादावरून आपण कोळसा किंवा हिऱ्याची पूड कां खात नाहीं, याचा उलगडा होत नाहीं. हरकत बिनतोड आहे. शुद्ध कार्बनच्या एका ग्रॅमपासून जवळजवळ ८ किलोकॅलरी निघतात, म्हणजे साखरेच्या दुप्पट. आणि न जळलेला कोळसा व त्याला पुरेसा प्राणवायु यांची जोडी पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें सुव्यवस्थितच असते. श्रोडिंगर यांनीं पुढें प्रकरणाला टिपण जोडून सायमनचें म्हणणें मान्य केलें. केवळ पदार्थविज्ञानज्ञांसाठीं लिहिलें असतें, तर मुक्त ऊर्जेच्या भाषेंत बोललों असतों, असेंही सांगितलें. शिवाय देहाबाहेर उष्णता टाकणें हा अपव्यय नसून वाढलेली एंट्रॉपी घालवून देण्याचा आवश्यक मार्ग आहे, हा मोलाचा विचार त्याच टिपणांत आहे. नागपूरच्या उन्हाळ्यांत एक लिटर घाम सुकतांना सुमारें ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. तो वाळला नाहीं तर काय होतें, हें उष्माघात पाहिलेल्यांना सांगावयास नको. इतका सरस मजकूर टिपणांत जावा आणि थट्टा मुख्य मजकुरांत राहावी, याचें आम्हांस नवल वाटतें.

कोळशाच्या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्र देतें. मेजावरील साखरेच्या भांड्याकडे पाहावें. साखरेला प्राणवायूचा शेजार आहे. दोहोंचा संयोग झाल्यास ऊर्जा सुटणार हें ठरलेलें. तरी वर्षानुवर्षें साखर ती साखरच राहते. कारण जुने बंध सैल झाल्यावांचून नवे जुळत नाहींत, आणि जुने तोडण्यास पदरची ऊर्जा मोजावी लागते. हा उंबरठा देहांत एन्झाइमें ठेंगणा करतात, आणि तोही एकेका ठराविक क्रियेपुरता. साखरेसाठीं आमच्याजवळ तीं आहेत, कोळशासाठीं नाहींत. १८० ग्रॅम ग्लुकोजचें पूर्ण ज्वलन झाल्यास ६८६ किलोकॅलरी मुक्त ऊर्जा हातीं येते. पण ती एकदम भडकून न देतां देह साखरेचे इलेक्ट्रॉन पायरीपायरीनें उतरवून शेवटीं प्राणवायूच्या हवालीं करतो. वाटेंत मिळणाऱ्या ऊर्जेनें तंतुकणिकेच्या पडद्यापलीकडे प्रोटॉन लोटले जातात, आणि ते परत येतांना एटीपी हा पदार्थ घडवून जातात. ही प्रोटॉनांची उपपत्ति मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडली. ती १९४४ च्या पुस्तकांत नाहीं म्हणून कोणी दोष देणार नाहीं. एटीपी मात्र १९२९ पासून ठाऊक होतें. देहांत त्याचा सांठा एका वेळीं ग्रॅमांत मोजावा इतका थोडा. परंतु तोच पुनःपुन्हा मोडून व घडवून दिवसाकाठीं होणारी उलाढाल जवळजवळ माणसाच्या वजनाइतकी भरते.

येथें जातां जातां एक तक्रार. एटीपीच्या बंधांत ऊर्जा कोंडलेली असते व बंध तुटतांच ती सुटते, असें पाठ्यपुस्तकांतून अजून लिहिलेलें आढळतें. बंध तोडण्यास ऊर्जा लागते, हें वर सांगितलेंच. पाण्याशीं क्रिया होऊन बनणारे पदार्थ अधिक स्थिर असतात, आणि पेशी एटीपीचें प्रमाण समतोलापासून फार दूर राखते, म्हणून ऊर्जा मिळते. लिपमान यांनीं १९४१ सालीं या बंधासाठीं नागमोडी खूण वापरली. तिच्या सोयीपायीं पिढ्यानुपिढ्या विद्यार्थी फसले.

डायनायट्रोफिनॉल या औषधाची हकीकत ध्यानांत घेतली, म्हणजे एंजिनवाले व सुव्यवस्थावाले या दोघांचेंही कोठें चुकतें तें कळतें. १९३३ पासून अमेरिकेंत वजन उतरविण्यासाठीं हें औषध लोक घेऊं लागले. वजन खरोखर उतरे. परंतु कित्येकांचा देह तापत जाऊन ते दगावले, आणि १९३८ च्या कायद्यानंतर त्याचा वापर बंद पडला. चोरून विकलेल्या गोळ्यांनीं माणसें अजूनही मरतात. हें औषध प्रोटॉनांना पडद्यांतून आडवाटेनें परत सोडतें. अन्न जळतें, प्राणवायु खर्च होतो, पुड्यावरील सर्व कॅलरी हिशेबाप्रमाणें सुटतात, एंट्रॉपीही बाहेर भरपूर टाकली जाते. पण एटीपी पुरेसें घडत नाहीं. देह खराखुरा अग्नि होतो, आणि त्या अग्नींत माणूस संपतो. ज्वलन आणि घडण यांची जोडणी तेवढी सुटलेली असते. श्रोडिंगर यांच्या प्रकरणांत या जोडणीविषयीं अवाक्षर नाहीं.

आमचा चयापचय हा शब्द येथें युरोपीय शब्दांहून सरस ठरतो. त्यांत अदलाबदल नाहीं; चय आणि अपचय, रचणें आणि झिजणें, हीं दोन्ही एकत्र बांधलेलीं आहेत. गाढ झोपलेल्या माणसाच्याही पेशी सोडियम बाहेर व पोटॅशियम आंत उपसत असतात, कारण रक्तांत सोडियमचें प्रमाण पेशींतल्यापेक्षां दहापटीहून अधिक आहे आणि तें आंत झिरपत राहतें. विश्रांतींतील ऊर्जेचा मोठा वांटा या उपशावर खर्च होतो. सुव्यवस्था म्हणून जिचा उल्लेख श्रोडिंगर करतात, ती ही. आणि ती विकत घेतली जाते एटीपीच्या नाण्यानें.

१९८७ सालीं श्रोडिंगर यांच्या जन्मशताब्दीच्या ग्रंथांत पॉलिंग आणि पेरुट्झ यांनीं या पुस्तकावर कठोर टीका केली. तितकें कठोर होण्याची आमची इच्छा नाहीं. चुकीच्या उत्तरांनीं समाधान न मानतां जेवणासारख्या रोजच्या गोष्टीला प्रश्न करावा, हें धैर्य त्या प्रकरणांत आहे, आणि अशीं प्रकरणें विरळाच लिहिलीं जातात. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलाच्या हातीं हें पुस्तक द्यावयाचें असल्यास तें खुशाल द्यावें. मात्र सहाव्या प्रकरणाचें टिपण त्याला आधीं वाचावयास सांगावें, आणि तें वाचून झाल्यावर आपण कोळसा कां खात नाहीं, एवढेंच विचारावें.