चाकांवरचें बिऱ्हाड

नाशिकच्या आमच्या एका स्नेह्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एक जुनी मॅटॅडोर गाडी विकत घेतली. आंत फळ्यांचें अंथरूण, एक शेगडी, पाण्याची टांकी आणि पुस्तकांचें लहानसें फडताळ अशी तजवीज करून त्यांनीं तिचें घर बनविलें. आणि जुन्या गाड्यांची डागडुजी करून त्यांतच राहत राहत प्रवास करणारी जी हौशी मंडळी अलीकडे ठिकठिकाणीं दिसूं लागली आहे, तिच्यांत ते सामील झाले. मध्यंतरीं त्यांनीं फडताळांतील या विषयावरचीं पुस्तकें आणि स्वतःच्या प्रवासाच्या दोन टिपणवह्या आमच्याकडे वाचावयास पाठविल्या, व "भीड न धरतां लिहावें" अशी चिठ्ठी सोबत जोडली. स्नेह्याच्या लिखाणावर भीड न धरतां लिहिणें ही टीकाकाराची खरी कसोटी. ती आम्ही येथें पत्करीत आहों.

या वाङ्मयाचा इतिहास फार जुना नाहीं. चाकांवरचें घर ही वस्तु मुळांत जिप्सी, सर्कशीवाले व फेरीवाले यांची. सुखवस्तु माणसानें केवळ मौजेखातर तींत राहावें ही कल्पना गेल्या शतकाच्याहि मागल्या शतकाच्या अखेरची. आरमारांतून निवृत्त झालेले डॉक्टर आणि मुलांचे आवडते लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ च्या सुमारास 'वाँडरर' नांवाची दोन घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली आणि आपल्या तेराशें मैलांच्या प्रवासाचें पुस्तक १८८६ मध्यें छापलें. पुस्तक प्रसन्न आहे. परंतु बरोबर गाडीवान आणि खिजमतगार असल्यामुळें ग्रंथकारास वाटेवरच्या माणसाची गरज फारशी पडत नाहीं, आणि गरज नसली म्हणजे ओळखहि वरवरचीच राहते. १९०७ मध्यें इंग्लंडांत अशा हौशी लोकांचा 'कॅरॅव्हॅन क्लब' निघाला. आणि १९०८ मध्यें केनेथ ग्रॅहॅमच्या 'द विंड इन द विलोज' या पुस्तकांत बेडूकरावांची पिवळी घरगाडी एका मोटारीच्या भयानें घोडा बिथरून खड्ड्यांत गेली. हौसेचा संघ निघणें आणि हौसेची थट्टा होणें यांत एकाच वर्षाचें अंतर पडलें, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

पुढें घोडा गेला व एंजिन आलें. फोक्सवॅगनची पेटीसारखी गाडी १९५० मध्यें तयार होऊं लागली आणि लवकरच वेस्टफालिया कारखान्याने तींत पलंग व कपाटें बसविण्यास आरंभ केला. युरोपांतील शेंकडों तरुण तसल्या गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल या मार्गानें हिंदुस्थानांत उतरले. १९७९ मध्यें इराणांत क्रांति झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानांत रशियन फौजा शिरल्या, आणि तो रस्ता मिटला. आज हौशी लोक ज्या गाड्यांची पूजा करतात त्यांपैकीं पुष्कळ त्या मिटलेल्या रस्त्याच्या काळांतल्या आहेत. त्यांच्या प्रेमांत हरवलेल्या रस्त्याची हुरहुर मिसळलेली आहे, हें ओळखल्यावांचून त्या प्रेमास नुसतें वेड म्हणणें अन्यायाचें होईल.

फडताळांतील दोन पुस्तकें मात्र हौसेच्या पलीकडे जातात. जॉन स्टाइनबेक १९६० मध्यें एका ट्रकवर खोली बसवून, बरोबर एक कुत्रा घेऊन, आपला देश पाहावयास निघाला. गाडीस त्यानें डॉन किहोटेच्या घोड्याचें नांव दिलें, यांतच त्यानें स्वतःची थट्टा करून घेतली. १९६२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकांतील संभाषणें जशींच्या तशीं घडलीं असतील काय, याविषयीं पुढें शंका घेण्यांत आल्या. तरीहि गाडी हें तेथें माणसांपर्यंत पोंचण्याचें निमित्त आहे, यांत शंका नाहीं. दुसरें पुस्तक हूलिओ कोर्तासार आणि कॅरल डनलॉप या दंपतीचें. १९८२ मध्यें त्यांनीं पॅरिसहून मार्सेयला जाणाऱ्या महामार्गावर फोक्सवॅगन घातली आणि रोज दोनच विश्रांतिस्थळें घेत, महामार्ग कोठेंहि न सोडतां, एका दिवसाच्या वाटेस तेहतीस दिवस लावले. पुस्तक १९८३ मध्यें निघालें. तत्पूर्वींच डनलॉप निवर्तली होती. जेथें कोणी पाहण्यासाठीं थांबत नाहीं तेथें हीं दोघें थांबलीं, हाच त्या पुस्तकाचा प्राण. वेग कमी केल्यानें दृष्टि आपोआप येत नाहीं. परंतु वेग असतां ती येणें दुरापास्त, एवढें तें निश्चित शिकवितें.

आतां आमच्या स्नेह्यांच्या वह्या. पहिली वही गाडीच्या खरेदीची आहे आणि ती आम्हांस मनापासून आवडली. जुनी गाडी घेणाऱ्यानें रंग पाहूं नये, आधीं गाडीखालीं निजून गंज पाहावा. चेसिसवरचा व एंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून घ्यावा. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी व पर्यावरणकर भरला आहे कीं नाहीं याची खात्री केल्यावांचून पैसे हातावेगळे करूं नयेत. हें सारें त्यांनीं अनुभवाच्या अधिकारानें लिहिलें आहे. बजाज टेम्पोच्या आकुर्डीच्या कारखान्यांत मॅटॅडोर आतां होत नाहीं. तेव्हां एका गाडीचा भाग दुसरीस कसा मिळतो, तो कोणापाशीं पडून आहे आणि तो मोबदल्यावांचूनहि कसा दिला जातो, हीं पानें हौशी मंडळींतील सख्याचें खरें चित्र आहेत.

याच वहींत कायद्याविषयीं एक मार्मिक प्रकरण आहे. केंद्र सरकारनें २०२१ मध्यें जुन्या गाड्यांसंबंधीं नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, सांगाडा व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी गाडी 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची. स्नेही लिहितात कीं, छत उंच करण्यासाठीं सांगाडा कापला तर ती मूळची राहत नाहीं, आणि मूळची म्हणून नोंदविली तर रोजच्या प्रवासास मुकते. ग्रंथांच्या बाबतींतहि हा पेंच आपल्या परिचयाचा आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनीं १९०७ मध्यें फेरफार करून छापला, आणि दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें तो मूळ रूपांत वाचकांपुढें ठेवला. वैद्यांनीं तो चालता केला, पोतदारांनीं जपला. आज आपणांस दोघांचेंहि ऋण आहे. गाडीच्या बाबतींत मात्र कायदा दोहोंपैकीं एकच निवडावयास लावतो.

आमचें भांडण आहे तें दुसऱ्या वहीशीं. ती प्रवासाची वही. नाशिकहून तीन जुन्या गाड्या घोटीमार्गें भंडारदऱ्यास गेल्या, त्याचें वर्णन तींत आहे. डिझेलच्या पंपावर अडीच पानें आहेत. सोबत्यांच्या गाड्यांचीं तुलनात्मक परीक्षणें आहेत. जलाशयाकांठच्या सूर्यास्तावरहि बरा परिच्छेद आहे. आणि घोटीच्या पुढें एका जागीं ही नोंद आहे: "सायलेन्सरची पट्टी तुटली. रस्त्याकडेला एका स्थानिकाकडून नवी करून घेतली. रु. १५०. काम ठीक."

आम्हीं विचारल्यावरून स्नेह्यांनीं सांगितलें कीं, तो मनुष्य घिसाडी होता. भट्टी पेटलेली होती, बायको घण मारीत होती, आणि त्यांचा संसार शेजारच्या बैलगाडींत होता. विळे, कोयते, कुऱ्हाडी यांचें काम मिळेल तेथें चार दिवस राहावयाचें आणि मग पुढल्या गांवीं जावयाचें, असा त्यांचा क्रम. तेव्हां 'स्थानिक' हा शब्द येथें साफ चुकला आहे. त्या दिवशीं त्या रस्त्यावर जितकीं माणसें होतीं, त्यांत सर्वांत मोठा प्रवासी तोच होता. चाकांवरच्या बिऱ्हाडाचें वर्णन करावयास बसलेल्या लेखकास खरें चाकांवरचें बिऱ्हाड समोर भेटलें, त्यानें लेखकाची गाडी चालती केली, आणि लेखकानें त्याची जात ओळखली नाहीं. जात म्हणजे येथें वाटसरूची जात. हा दोष भाषेचा नव्हे, दृष्टीचा आहे. आणि तो एकट्या आमच्या स्नेह्यांचा नसून या बहुतेक वाङ्मयाचा आहे. हौशी मनुष्य हौशी माणसास शोधतो, त्याच्याशीं गाडीविषयीं बोलतो, आणि इतर सगळें जग त्यास देखाव्यासारखें दिसतें.

अमेरिकेंत जेसिका ब्रूडर हिनें २०१७ मध्यें 'नोमॅडलँड' लिहून हा दोष कांहीं अंशीं भरून काढला; घर गमावल्यामुळें गाडींत राहून हंगामी मजुरी करणाऱ्या वृद्धांची ती कहाणी आहे. आपल्याकडे तर त्यासाठीं इतकी वाट पाहावी लागली नाहीं. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर ही म्हण ज्या भाषेंत आहे, तिच्यांत लक्ष्मण माने यांचें 'उपरा' १९८० मध्यें आलें. गाढवांवर संसार लादून गांवोगांव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचें तें आत्मकथन. १९८७ मध्यें लक्ष्मण गायकवाडांचें 'उचल्या' आलें. या पुस्तकांस कोणी प्रवासवर्णन म्हणत नाहीं. कां म्हणत नाहीं? मुक्काम हलविणें, नव्या गांवाची वेस, अनोळखी माणसाचा विश्वास मिळविणें, हेंच जर प्रवासवर्णनाचें द्रव्य असेल, तर तें येथें काठोकांठ भरलेलें आहे. फरक एवढाच कीं, येथें मुक्कामाची जागा मागावी लागते, आणि ती नाकारली जाऊं शकते.

हा फरक नाशिकास तरी समजावा. पंचवटीच्या या गांवानें शतकानुशतकें वाटसरू पोसले. पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं दिंड्या त्र्यंबकेश्वराकडे निघतात, बारा वर्षांनीं सिंहस्थ भरतो, आणि मुक्काम देणें हें येथें पुण्यकृत्य मानलें जातें. पण त्याच रस्त्यांवर भटक्या जमातींचें पाल पडलें कीं, "कधीं हलणार?" हा प्रश्न पहिला येतो. १८७१ च्या कायद्यानें कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला, संशय रद्द झाला नाहीं. उलट २०२१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आणि घरगाड्यांच्या तळांची तरतूद त्यांत केली. तें धोरण वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकाच रस्त्याकडेला, एकाच रात्रीं, एका बिऱ्हाडास पाहुणा आणि दुसऱ्यास अतिक्रमण म्हणणाऱ्या समाजांत, घरगाडीवर लिहिणाऱ्यानें दुसरें बिऱ्हाड पाहिलेंच नाहीं असें चालणार नाहीं.

याचा अर्थ हौस सोडावी असा नव्हे. आमच्या मतें जुन्या गाडीचा सर्वांत मोठा गुण तिची मोडण्याची संवय हाच आहे. नवी गाडी मनुष्यास कोणाच्याहि दारांत उभी करीत नाहीं; जुनी करते. गोडसे भटजी वाटेंत लुटले गेले, परक्यांच्या आश्रयास राहिले, म्हणून त्यांच्या प्रवासांत इतकीं जिवंत माणसें आलीं. आमच्या स्नेह्यांच्या मॅटॅडोरनें त्यांस तीच संधि घोटीच्या पुढें दिली होती; त्यांनीं ती १५० रुपयांस चुकती करून टाकली.

वह्या आम्ही परत धाडीत आहों. तीन गाड्या त्या रात्रीं जलाशयाकांठीं एका हॉटेलच्या आवारांत राहिल्याचें त्यांत लिहिलें आहे. घिसाड्याची बैलगाडी त्या रात्रीं कोठें राहिली, हें मात्र लिहिलेलें नाहीं. तिसरी वही सुरू करण्यापूर्वीं स्नेह्यांनीं पुन्हां त्या रस्त्यास जावें, तें कुटुंब भेटल्यास त्याच्याजवळ बसावें, आणि हा एवढा प्रश्न विचारून यावें, अशी आमची त्यांस सप्रेम सूचना आहे.