मित्राचे सुतक

विलापिकेत गेलेल्या माणसाचे नाव असावे की नसावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. व्हिन्स गिल या अमेरिकन गायकाच्या ‘गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन’ या गीताबाबत मात्र तोच कळीचा आहे. १९९४ च्या ‘व्हेन लव्ह फाइंड्स यू’ या अल्बममधले हे गीत कंट्री संगीतातल्या सर्वांत परिचित विलापिकांपैकी एक. ज्या मित्राच्या मृत्यूने ते सुरू झाले, त्याचे नाव त्यात नाही; ज्या भावाच्या मृत्यूने ते पूर्ण झाले, त्याचेही नाही. मग या गीतात मित्र उरला आहे का, आणि उरला असेल तर नेमका कुठे, एवढाच शोध मला इथे घ्यायचा आहे.

हे गीत ‘बॅलड’ म्हणून ओळखले जाते. बॅलड म्हणजे कथाकाव्य, पोवाड्याच्या जवळचा प्रकार, हे आपण वर्गात शिकलो. नॅशव्हिलच्या संगीतव्यवहारात मात्र संथ लयीच्या कोणत्याही भावगीताला हा शब्द लावतात. या गीतात गोष्ट नाही. गेलेल्याला उद्देशून केलेले बोलणे तेवढे आहे.

तो मित्र म्हणजे कीथ व्हिटली. केंटकीच्या डोंगराळ भागात तो वाढला. किशोरवयातच तो आणि त्याचा सवंगडी रिकी स्कॅग्ज राल्फ स्टॅनली यांच्या ब्लूग्रास मंडळीत दाखल झाले. राल्फ यांचे थोरले बंधू आणि सहगायक कार्टर १९६६ मध्ये वारले होते. व्हिटलीच्या गळ्यात जाणकारांना कार्टर ऐकू येत. पुढे तो नॅशव्हिलला स्थिरावला आणि त्याची गाणी लागोपाठ पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच भरात, ९ मे १९८९ रोजी, अतिमद्यपानाने त्याचा अंत झाला. वयाची पस्तिशीही त्याने गाठली नव्हती. गिलने गीत लिहायला घेतले, पण ते अर्धेच राहिले. १९९३ मध्ये गिलचा थोरला भाऊ बॉब हृदयविकाराने गेला, तेव्हा कुठे ते पुरे झाले.

मधली चार वर्षे मला महत्त्वाची वाटतात. मित्राच्या दुःखाला समाजात ठरलेली जागा नसते. आपल्याकडे सुतक भावकीला असते. मित्र खांदा देतो, पण त्याला दहा दिवस कोणी शिवायचे थांबत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. अमेरिकेत सुतक नाही, पण शोकाचा पहिला मान तिथेही कुटुंबाचाच. मित्रासाठी धरलेला शब्द भावाच्या मृत्यूपर्यंत अडून राहिला, याचा अर्थ मी असा लावतो की रक्ताच्या नात्याने त्या शोकाला बोलण्याचा अधिकार मिळवून दिला. हे अनुमान माझे आहे. पण गीताची रचना त्याला आधार देते.

पहिल्या कडव्यातले खडतर आयुष्य दोघांनाही लागू पडते. व्यसनाचा उच्चार नाही, अपघाताचा नाही, आजाराचा नाही. ही पळवाट आहे, असा आक्षेप घेता येईल. दारूची गाणी भरभरून गाणाऱ्या परंपरेने दारूने मेलेल्या गायकाबद्दल मौन पाळावे, हे खटकतेच. पण गीताचा सूर मृताला निरोप देण्याचा आहे, त्याचा जमाखर्च मांडण्याचा नाही. दुसऱ्या कडव्यात मात्र धागा सापडतो. तिथे मृताच्या गोड गळ्याचा उल्लेख आहे आणि ते गाणे ऐकणाऱ्या देवदूतांचे चेहरे पाहण्याची इच्छा आहे. हा गळा माझ्या वाचनात व्हिटलीचा आहे. भावाने गीत पुरे करवले, तरी गाणारा मित्र त्यातून हटला नाही.

दुसरा पुरावा शब्दांत नाही, ध्वनिमुद्रणात आहे. गिलला साथ देणारे दोन आवाज रिकी स्कॅग्ज आणि पॅटी लव्हलेस यांचे आहेत. लव्हलेस केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी. स्कॅग्ज तर व्हिटलीचा बालमित्र. या मृत्यूवर शोक करण्याचा गिलपेक्षाही जुना हक्क त्याचा. आपल्याकडचे झीलकरी मुख्य गायकाची ओळ उचलून धरतात. ब्लूग्रासमध्ये साथीदार तीच ओळ वेगळ्या, बहुधा वरच्या सुरात गातो. एकेकाळी व्हिटलीच्या सुराशी जुळलेला सूर इथे गिलच्या सुराशी जुळतो. ज्याचे नाव घेतलेले नाही, त्याची रिकामी जागा या जुळणीत ऐकू येते.

नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत ज्ञानदेवांचे नाव येते, जमलेल्या संतांचीही येतात. तिथे शोकाची साक्ष नावांनी दिली जाते. इथे ती सुरांनी दिली आहे.

नाव नसल्यामुळे हे गीत सर्वांचे झाले. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते १४ व्या क्रमांकापुढे सरकले नाही, पण १९९६ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले आणि ते अंत्यविधीचे गीत बनले. २ मे २०१३ रोजी जॉर्ज जोन्स यांच्या अंत्यसंस्कारात, ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर, गिलला गाता गाता रडू कोसळले. तो गिटार वाजवत राहिला आणि शेजारी उभ्या लव्हलेसने गाणे सावरले. त्या प्रसंगात या गीताची घडण उघडी पडते. मुख्य गायकाचा कंठ दाटला तरी गाणे थांबू नये, अशी सोय त्याच्या रचनेतच आहे. मित्राला सुतक नसेल. पण दुसऱ्याचा सूर तुटला की आपला लावायचा, हे काम त्याचेच.