पियानोसंगीत आणि हौशी वादक : एका निकषाची चिकित्सा

‘हौशी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. उपजीविकेचा हेतू न ठेवता एखाद्या कलेत रमतो तो हौशी, हा एक अर्थ. ज्याच्या कामात कच्चेपणा गृहीत धरावा आणि तो क्षम्यही मानावा तो हौशी, हा दुसरा. पहिला अर्थ प्रेमाचा, दुसरा उणिवेचा. युरोपीय भाषांतही हेच घडले आहे. ‘अमॅच्युअर’ हा फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द मुळात ‘प्रेम करणारा’ एवढेच सांगत होता. पाश्चात्त्य अभिजात पियानोसंगीताविषयी बोलताना मात्र दुसराच अर्थ प्रमाण मानण्याची प्रथा पडली आहे. सभागृहातील किंवा ध्वनिमुद्रिकेतील निर्दोष वादन हे माप, आणि त्या मापाने घरी वाजवणारा सदैव तोकडा. या संगीताच्या एका मोठ्या भागाला हे माप लागूच पडत नाही, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम रचनाकारांची साक्ष पाहू. योहान सेबास्टियन बाख याने १७२३ मध्ये दोन व तीन स्वररेषांच्या छोट्या रचनांचे एक हस्तलिखित सिद्ध केले. ते क्लाव्हिएरच्या प्रेमींसाठी, विशेषतः शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच नमूद केले. दोन स्वररेषा स्वच्छ वाजवता याव्यात, पुढे तीन सांभाळता याव्यात, वादनात गायनाचा गुण उतरावा आणि रचना कशी होते याचीही गोडी लागावी, असा त्याचा हेतू होता. त्याचा पुत्र कार्ल फिलिप इमानुएल बाख याने १७७९ ते १७८७ या काळात सहा संग्रह प्रसिद्ध केले, ते ‘जाणकार आणि प्रेमी’ यांच्यासाठी. या शीर्षकातील ‘आणि’ महत्त्वाचा आहे. प्रेमी हा जाणकाराचा अपुरा नमुना नव्हे. एकाच ग्रंथाचे हे दोन वाचक आहेत.

येथे ‘वाचक’ हा शब्द बुद्धिपुरस्सर योजला आहे. हौशी वादक प्रयोग करीत नाही, तो हातांनी वाचतो. उदाहरणार्थ, शूमानच्या १८३८ मधील ‘किंडरत्सेनन’ या तेरा रचनांच्या मालिकेतील सातवी, ‘ट्रॉयमेराय’, ही रचना घ्यावी. ती जेमतेम दोन पानांची असून अनेक घरगुती संग्रहांत आढळते. होरोविट्झसारख्या श्रेष्ठ वादकाने १९८६ मध्ये मॉस्कोतील मैफलीच्या अखेरीस तीच वाजविली. तीत एक चढती स्वरपंक्ती पुनःपुन्हा येते, परंतु तिच्या शिखराखालील स्वरसंवाद बदलत जातो. अखेरच्या वेळी त्या शिखरावर क्षणभर थांबण्याची खूण आहे. श्रोत्याला हा बदल भावच्छटेच्या रूपाने जाणवतो. वाजविणाऱ्याला मात्र हे ठाऊक असते की कोणते बोट दाबून धरावे लागले, कोणते सरकले आणि मधली स्वररेषा तुटू नये म्हणून मनगटाला काय करावे लागले. ज्याचे वादन अडखळते त्यालाही हे ज्ञान होते. किंबहुना जेथे तो अडखळतो तेथेच ते अधिक होते.

वाटून घेण्याच्या प्रश्नाचा विचार याच अंगाने करावयास हवा. हौशी वादकाने दुसऱ्यापुढे वाजविणे म्हणजे लहान प्रमाणावरील मैफलच, असा समज आहे. परंतु एका पियानोवर दोघांनी वाजवावयाचे चतुर्हस्त संगीत या समजाला छेद देते. शूबर्टने १८२८ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ‘एफ मायनर’मधील आपली फँटसी याच प्रकारात रचली आणि कॅरोलिन एस्टरहाझी या आपल्या शिष्येला अर्पण केली. दोघे एकाच बाकावर शेजारी बसतात, पेडल मात्र दोघांत एकच. त्यावर बहुधा खालच्या पट्टीतील वादकाचा पाय असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या स्वरांची लांबी त्याला आपल्या कानांनी सांभाळावी लागते. एकाने वाजविलेली पट्टी क्षणार्धात दुसऱ्याला हवी असेल तर पहिल्याने बोट तत्काळ उचलले पाहिजे. हे संगीत ऐकणाऱ्यावाचूनही पूर्ण होते, कारण त्यातील प्रत्येक वादक दुसऱ्याचा श्रोता असतो. ध्वनिमुद्रणाच्या पूर्वी वाद्यवृंदाच्या सिंफनी असंख्य घरांत पोहोचल्या त्या चतुर्हस्त रूपांतूनच. ब्राम्सने आपल्या सिंफनींची अशी रूपांतरे स्वतः केली होती.

यावर एक आक्षेप संभवतो. स्वतः हौशी पियानोवादक असलेला फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त याने १९७० मध्ये, ऐकण्याचे संगीत एक आणि वाजविण्याचे संगीत दुसरे, असा भेद केला आणि वाजविणारा हौशी लोपत चालल्याची खंत व्यक्त केली. हा भेद उपयुक्त आहे, तथापि तो इतका काटेकोर मानल्यास हौशी वादक टीकेच्या कक्षेबाहेरच जातो. आपल्यापुरते वाजविणाऱ्याला चूक-बरोबर कसले, अशी पळवाट मग निघते. ही पळवाट मान्य करता येणार नाही. बाखने मुखपृष्ठावर ‘स्वच्छ’ वाजविण्याची अट घातली ती प्रेमींनाच. हौस हा श्रमातून सूट मिळविण्याचा परवाना नव्हे.

मग निकष कोणता? ध्वनिमुद्रिकेचा खासच नव्हे. ध्वनिफितीचे तुकडे जोडून एक निर्दोष वादन सिद्ध करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडून देणाऱ्या ग्लेन गूल्डने तिचे उघड समर्थन केले. त्याच्या हाती ती एक स्वतंत्र कला झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे खुद्द वादकाने एका बैठकीत वाजविलेले नसते ते घरच्या वादकाचे माप होऊ लागले, ही विपरीत गोष्ट आहे. आज घरी केलेले ध्वनिमुद्रण स्नेह्यांना ऐकविणे सुलभ झाले आहे. अशा वेळी अनेक जण एकही स्वर चुकू नये म्हणून तेच पान वीस वेळा मुद्रित करतात आणि शेवटी कोणालाच ऐकवीत नाहीत. येथे प्रेमाने उणिवेपुढे हार खाल्लेली असते.

माझ्या मते हौशी वादनाला तीन प्रश्न विचारावेत. वादकाने आपल्या हातांना पेलेल अशी गती निवडून ती शेवटपर्यंत राखली काय? वरच्या सुरावटीखालच्या स्वररेषा त्याने ऐकल्या काय? आणि रचनेतील जी जागा त्याला उमगली ती आपल्यालाही दिसली काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर दोन-चार चुकलेल्या स्वरांनी काही बिघडत नाही. नकारार्थी असेल तर सर्व स्वर बिनचूक असूनही ते वाचन नव्हे.

संगीतावर लिहिणाऱ्यांनी हा निकष प्रथम स्वतःला लावून पाहावा. बोटांखाली न आलेल्या रचनेविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा कोणा एकाच्या वादनाविषयी बोलत असतो, रचनेविषयी नव्हे. हौशी वादक गप्प झाले तर मैफली बंद पडणार नाहीत; रचना आणि तिचे एखादे वादन यांतील फरक ओळखणारा श्रोता मात्र उरणार नाही, आणि समीक्षेला ती हानी भरून काढता येणार नाही.